पर्यावरणीय अहवालांचे संगणकीकरण : अडथळे यंत्राचे की यंत्रणेचे?



संयोजकांनी मला माझ्या व्यवसायातील एखाद्या प्रश्नावर बोलण्याची आज्ञा केली. मी पर्यावरण अभियंता आहे. सरकारी खात्यांपुढे येणारे पर्यावरणविषयक अहवाल वाचणे व तपासणे हा माझ्या या देशातील नोकरीचा मोठा भाग आहे. विषय रूक्ष आहे, याची मला कल्पना आहे. परंतु धरण, खाण, औष्णिक वीजकेंद्र वा महामार्ग यांमुळे ज्यांची जमीन, पाणी आणि हवा जाते त्यांच्यात आपली माणसे नेहमीच मोठ्या संख्येने असतात. त्यांचे म्हणणे सरकारदरबारी नोंदविण्याची जी कायदेशीर जागा आहे, ती या रूक्ष अहवालांतच दडलेली आहे. म्हणून तासभर नव्हे, पण अर्धा तास तरी आपण तो रूक्षपणा सोसावा, अशी विनंती आहे.

एखादा मोठा प्रकल्प उभा राहण्यापूर्वी त्याचा परिसरावर काय परिणाम होईल याचा आगाऊ अभ्यास करणे, याला पर्यावरणीय आघात मूल्यांकन म्हणतात. अमेरिकेत याविषयीचा कायदा १ जानेवारी १९७० रोजी अस्तित्वात आला. भारतात १९८६ च्या पर्यावरण संरक्षण अधिनियमाखाली २७ जानेवारी १९९४ रोजी अधिसूचना निघाली आणि हे मूल्यांकन बंधनकारक झाले. १९९७ साली त्यात जनसुनावणीची भर पडली. आज प्रचलित असलेली मूळ अधिसूचना १४ सप्टेंबर २००६ ची आहे. तिच्यात तेव्हापासून इतक्या दुरुस्त्या झाल्या आहेत की, मूळ वस्त्र कोणते आणि ठिगळे कोणती हे ओळखणे वकिलांनाही जड जाते.

या अधिसूचनेनुसार जनसुनावणी राज्याचे प्रदूषण नियंत्रण मंडळ घेते. अध्यक्षस्थानी जिल्हाधिकारी किंवा किमान अपर जिल्हाधिकारी दर्जाचा अधिकारी असतो. किमान तीस दिवस आधी एका राष्ट्रीय व एका प्रादेशिक भाषेतील वृत्तपत्रात जाहिरात द्यावी लागते. अहवालाच्या प्रती जिल्हाधिकारी कार्यालय, जिल्हा परिषद, जिल्हा उद्योग केंद्र व स्थानिक स्वराज्य संस्था यांच्याकडे ठेवाव्या लागतात. सुनावणीचे चित्रीकरण सक्तीचे आहे. गणसंख्येची अट मात्र नाही, म्हणजे चार माणसे आली तरी सुनावणी झाली असे समजले जाते.

आता संगणकीकरणाकडे वळतो. २०१४ सालापासून केंद्रीय पर्यावरण मंत्रालयाने अर्ज संगणकावरून स्वीकारण्यास प्रारंभ केला. १० ऑगस्ट २०१८ रोजी 'परिवेश' नावाच्या संकेतस्थळाचे उद्घाटन झाले. पर्यावरण, वन, वन्यजीव व सागरी किनारा या सर्व परवानग्या एकाच खिडकीतून मिळाव्यात, ही त्यामागील कल्पना. पुढे त्याची सुधारलेली दुसरी आवृत्तीही आली. या कामाचे श्रेय नाकारणे अन्यायाचे होईल. पूर्वी दिल्लीतील तज्ज्ञ समितीने कोणत्या प्रकल्पाविषयी काय ठरविले हे जाणून घेण्यासाठी माहितीचा अर्ज करून महिनोन्‌महिने वाट पाहावी लागे. संकेतस्थळामुळे समितीच्या सभांची विषयपत्रिका, इतिवृत्ते आणि मंजुरीची पत्रे घरबसल्या पाहता येऊ लागली. न्यू जर्सीत बसून चंद्रपूरच्या खाणीचे मंजुरीपत्र वाचता येणे, ही लहान गोष्ट नव्हे.

परंतु येथेच एका शब्दाची फोड केली पाहिजे. कागद यंत्रावर चढविणे आणि माहिती उपयोगात आणण्याजोगी करणे, या दोन भिन्न क्रिया आहेत. आपल्याकडे बव्हंशी पहिली झाली आहे. पाचशे-सहाशे पृष्ठांचा अहवाल छापायचा, त्यावर सही-शिक्का घ्यायचा, तो पुन्हा छायाचित्रासारखा यंत्रात उतरवायचा आणि पीडीएफ म्हणून चढवायचा. अशा अहवालात एखादा शब्द शोधावयाचा तर शोधता येत नाही. कोष्टकातील आकडे काढून घेता येत नाहीत. नकाशा मोठा करून पाहिला तर रेषा फुटतात आणि गावाचे नाव वाचता येत नाही. म्हणजे कपाट बदलले, पण गठ्ठा जसाच्या तसा राहिला.

याने काय बिघडते, असे कोणी विचारील. चंद्रपूरचे उदाहरण घेऊ. केंद्रीय प्रदूषण नियंत्रण मंडळाने २००९ साली देशातील औद्योगिक प्रदेशांचा निर्देशांक काढला तेव्हा चंद्रपूरला ८३.८८ गुण मिळाले आणि तो प्रदेश अतिप्रदूषित ठरला. गुण जास्त म्हणजे अवस्था वाईट, हे वेगळे सांगायला नको. तेथे कोळशाच्या खाणी, वीजकेंद्रे, सिमेंटचे कारखाने एकमेकांस खेटून आहेत. प्रत्येक नवा प्रकल्प आपल्या भोवतालच्या दहा किलोमीटर परिघातील हवा, पाणी आणि आवाज मोजतो. बहुधा एकाच ऋतूचे, पावसाळा वगळून केलेले हे मोजमाप असते. ही वर्तुळे एकमेकांत गुंतलेली आहेत. म्हणजे एकाच गावाच्या हवेतील धूळ वेगवेगळ्या वर्षी, वेगवेगळ्या सल्लागारांनी मोजलेली आहे. हे सारे आकडे एका ठिकाणी, एका साच्यात ठेवले असते, तर त्या गावाची हवा वर्षानुवर्षे कशी बदलली हे शाळेतील मुलगाही आलेख काढून दाखवू शकला असता. आणि एखाद्या अहवालातील आकडा शेजारच्या अहवालाशी जुळत नाही, हे मंजुरी देण्यापूर्वीच ध्यानी आले असते. आज तो आकडा ज्या अहवालात जन्मला त्याच अहवालात मरतो.

नक्कल पकडण्याचीही हीच कथा. रत्नागिरी जिल्ह्यातील एका बॉक्साइट खाणीच्या अहवालात रशियातील बॉक्साइट खाणीच्या अहवालातील मजकूर आढळल्याचे प्रकरण गाजले होते. ते उघडकीस आले ते कार्यकर्त्यांनी डोळ्यांत तेल घालून वाचल्यामुळे. कोकणच्या सड्यावर सैबेरियाच्या वाऱ्याची झुळूक कोणा अधिकाऱ्यास जाणवली नव्हती! दोन अहवाल शेजारी ठेवून सारखेपणा शोधणे हे संगणकाला क्षणाचे काम आहे, पण त्यासाठी अहवाल वाचता येईल अशा स्वरूपात यंत्राच्या पोटात असावा लागतो.

दुसरा अडथळा भाषेचा, आणि माझ्या मते हा सर्वांत थोर. मूळ अहवाल इंग्रजीत असतो. राज्याच्या भाषेत फक्त सारांश द्यावा लागतो. पाचशे पृष्ठांचा सारांश दहा-वीस पृष्ठांत, तोही अशा मराठीत की वाचणाऱ्याला ती इंग्रजीहून अवघड वाटावी. जैतापूर अणुऊर्जा प्रकल्पाची जनसुनावणी १६ मे २०१० रोजी झाली तेव्हा मराठीतील अहवाल वेळेवर आणि सर्व गावांना मिळाला नाही, हीच ग्रामस्थांची मोठी तक्रार होती. २०२० साली केंद्राने नव्या अधिसूचनेचा मसुदा काढला. तो इंग्रजी व हिंदीत होता. हरकतींची मुदत ऐन टाळेबंदीत चालू होती. दिल्ली उच्च न्यायालयाला ३० जून २०२० रोजी सांगावे लागले की, आठव्या अनुसूचीतील सर्व भाषांत त्याचे भाषांतर करा आणि मुदत ११ ऑगस्टपर्यंत वाढवा. ज्या देशाच्या राज्यघटनेला स्वतःची भाषा-अनुसूची आहे, त्या देशात हे न्यायालयाने सांगावे लागावे, याचे वाईट वाटते.

मराठीपुरता याला एक तांत्रिक पदरही आहे. सरकारी कचेऱ्यांत अनेक वर्षे मराठी टंकलेखन श्रीलिपी, आकृती, शिवाजी अशा निरनिराळ्या अक्षरसंचांत झाले. प्रत्येकाची सांकेतिक मांडणी वेगळी. एका कचेरीतील धारिका दुसऱ्या कचेरीच्या यंत्रावर उघडली की मराठीच्या जागी चिन्हांची खिचडी दिसते. युनिकोड आल्यावर हा प्रश्न तत्त्वतः सुटला, परंतु जुने दस्तऐवज आहेत तसेच आहेत आणि जुन्या सवयीही. अशा वेळी कारकून साधा उपाय करतो. तो छापतो, सही घेतो आणि छायाचित्र चढवितो. आपण त्याला हसतो, पण त्याच्यापुढे दुसरा मार्ग कोणी ठेवलेला नाही.

आता नकाशाचा भाग. 'परिवेश'वर अर्ज करताना प्रकल्पाच्या सीमेची अक्षांश-रेखांशांची धारिका जोडावी लागते. हे शास्त्रशुद्ध आहे. पण गावातला माणूस आपली जमीन अक्षांशावरून ओळखीत नाही, तो गट क्रमांकावरून ओळखतो. त्याचा सातबारा, फेरफार, गावनकाशा सारे गट क्रमांकाशी बांधलेले. या दोन भाषांमध्ये दुभाष्या हवा, म्हणजे गावनकाशे अचूकपणे पृथ्वीच्या नकाशावर बसवायला हवेत. हे काम महसूल व भूमी अभिलेख खात्याचे आहे. पर्यावरण खाते त्या खात्याला हुकूम देऊ शकत नाही. वनखात्याचा नकाशा तिसरा, जलसंपदा खात्याची पूररेषा चौथी. प्रत्येक खात्याने आपले संगणकीकरण उत्साहाने केले, पण आपापल्या वाड्यात. वाडे वेगळे, वेशी वेगळ्या, पाणवठे वेगळे. या सभेत ही उपमा अधिक फोडून सांगण्याची आवश्यकता नसावी.

यानंतर जो मुद्दा मी मांडणार आहे तो मला कोणत्याही तांत्रिक ग्रंथात सापडला नाही. तो गायरानाचा. मराठवाड्यात आणि इतरत्रही आपल्या भूमिहीन कुटुंबांनी गायरान व पडीक जमिनी कसून त्यांवर संसार उभे केले. कर्मवीर दादासाहेब गायकवाड यांच्या नेतृत्वाखालील १९५९ आणि १९६४ चे भूमिहीनांचे सत्याग्रह याच मागणीसाठी झाले. महाराष्ट्र शासनाने २८ नोव्हेंबर १९९१ च्या निर्णयाने १४ एप्रिल १९९० पर्यंतची अशी अतिक्रमणे नियमित करण्याचे ठरविले. तरी असंख्य कुटुंबांचे नाव अद्याप सातबाऱ्यावर चढलेले नाही. त्यांची नोंद झालीच तर गाव नमुना १-ई मध्ये, अतिक्रमणाच्या वहीत होते. तीही तलाठ्याने मनावर घेतले तर.

आता आघात मूल्यांकनाच्या अहवालातील जमिनीचे कोष्टक पाहा. त्यात तीन रकाने ठळक असतात : खाजगी, वन आणि शासकीय. गायरान अर्थातच शासकीय रकान्यात जाते. कोष्टक वाचणाऱ्या तज्ज्ञाला दिसते की, इतके हेक्टर शासकीय जमीन, म्हणजे विस्थापन शून्य. त्या हेक्टरांवर तीस वर्षे ज्वारी पिकविणारी बाई त्या आकड्यात कोठेच नाही. कागदावर असताना निदान एखादा चौकस मंडळ अधिकारी समासात शेरा मारी की 'जागेवर वहिवाट आहे'. संगणकाच्या कोष्टकाला समास नसतो. १५ ऑगस्ट २०२१ पासून राज्यभर ई-पीक पाहणी सुरू झाली. शेतकरी आपले पीक भ्रमणध्वनीवरून नोंदवू शकतो, ही चांगलीच सोय. पण नोंद करायची तर आधी खातेदार असावे लागते. ज्याचे खातेच नाही त्याचे पीक यंत्राच्या दृष्टीने उगवलेच नाही. अशा रीतीने जुन्या अभिलेखातील अन्याय नव्या अभिलेखात अधिक सुबक अक्षरांत उतरतो, आणि 'माहिती संगणकावरून घेतली आहे' या एका वाक्याने त्याला प्रामाण्य लाभते.

यंत्र खोटेही तितक्याच तत्परतेने स्वीकारते. गोव्यातील मोप विमानतळाच्या प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने २९ मार्च २०१९ रोजी पर्यावरणीय मंजुरी स्थगित केली, कारण अर्जाच्या नमुन्यात परिसरातील वनांविषयी व पर्यावरणदृष्ट्या संवेदनशील क्षेत्रांविषयी जी माहिती उघड करावयास हवी होती ती केलेली नव्हती. पुनर्विचारानंतर जानेवारी २०२० मध्ये वाढीव अटींसह ती स्थगिती उठली आणि विमानतळ उभाही राहिला. पण धडा असा की, अर्जातील रकान्यात 'नाही' असे लिहिले की यंत्र पुढच्या रकान्याकडे सरकते. 'नाही' खरे आहे का, हे जागेवर जाऊनच पाहावे लागते.

आणि जागेवर जाण्याला उत्तेजन आहे काय? जानेवारी २०२२ मध्ये केंद्रीय मंत्रालयाने राज्यांच्या मूल्यांकन प्राधिकरणांना तारे देण्याची पद्धत जाहीर केली. ऐंशी दिवसांच्या आत मंजुरी दिल्यास अधिक गुण, अर्जदाराकडे जादा माहिती कमी वेळा मागितल्यास अधिक गुण, आणि जागेची पाहणी थोड्याच प्रकरणांत केल्यासही अधिक गुण. त्यावर रास्त टीका झाली. मला येथे एवढेच दाखवायचे आहे की, संगणक जे मोजता येते ते मोजतो. दिवस मोजता येतात, शंका मोजता येतात. शंका विचारल्यामुळे वाचलेली विहीर मात्र मोजता येत नाही. वेग हेच माप ठरले की संगणकीकरण हे अर्जदाराच्या सोयीचे साधन होते आणि हरकतदार त्यात अडगळ ठरतो. 'परिवेश' हे नावच ज्या इंग्रजी शब्दांच्या आद्याक्षरांवरून बनविले, त्यांत अर्जदाराची सोय आहे, एक खिडकी आहे. ग्रामसभा त्यात बसविता आली नाही.

जनसुनावणीच्या नोंदीचीही तीच गत. चित्रीकरण होते, पण ते लोकांना सहज पाहावयास मिळत नाही. उरते ते इतिवृत्त. दोन तास पोटतिडकीने बोललेल्या माणसाचे म्हणणे एका ओळीत येते, समोरच्या रकान्यात प्रकल्पधारकाचे उत्तर येते : 'आवश्यक ती काळजी घेण्यात येईल.' दिल्ली उच्च न्यायालयाने गोव्याच्या उत्कर्ष मंडळाच्या याचिकेवर २६ नोव्हेंबर २००९ रोजी स्पष्ट केले होते की, सुनावणीतील हरकतींचा तज्ज्ञ समितीने खरोखर विचार केला पाहिजे आणि कारणे नोंदविली पाहिजेत. समिती एकाच दिवसात किती प्रकरणे उरकते याकडेही न्यायालयाने बोट दाखविले होते. हरकत आणि तिचा निकाल यांचा दुवा संगणकावर जोडणे मुळीच अवघड नाही. प्रत्येक हरकतीला क्रमांक द्यावा आणि तिचे काय झाले हे त्या क्रमांकापुढे लिहावे. बँकेतील धनादेशाचा प्रवास जर खातेदाराला घरबसल्या कळतो, तर हरकतीचा का कळू नये?

मंजुरीनंतरच्या देखरेखीविषयी थोडक्यात सांगतो. भारताच्या नियंत्रक व महालेखापरीक्षकांनी २०१६ च्या आपल्या ३९ क्रमांकाच्या अहवालात नोंदविले की, विभागीय कार्यालयांनी कळविलेल्या अटीभंगांच्या प्रकरणांची एकत्रित नोंदच मंत्रालयापाशी नव्हती. अर्ज घेण्याची खिडकी चकचकीत आणि तक्रारीचे दप्तर रिकामे, असा हा व्यवहार.

आपण ज्या देशात राहतो तेथे सारे आलबेल आहे, असा कोणाचा समज होऊ नये. १ ऑक्टोबर २०१२ पासून येथील केंद्रीय पर्यावरण संस्थेकडे मोठे अहवाल संगणकावरूनच दाखल करावे लागतात. परंतु त्याहून लहान मूल्यांकने, जी संख्येने कितीतरी अधिक असतात, ती त्या त्या खात्याच्या निरनिराळ्या यंत्रणांत विखुरलेली आहेत. २०१३ ते २०१८ या काळातील अंतिम अहवालांची सरासरी पृष्ठसंख्या ६६१ भरली होती. २०२३ च्या कायद्याने पृष्ठांवर मर्यादा घातली आणि सर्व खात्यांसाठी एकच संगणकीय प्रवेशद्वार शक्य आहे काय, याचा अभ्यास करण्यास सांगितले. तो अभ्यास जुलै २०२४ मध्ये काँग्रेसला सादर झाला. मे २०२५ मध्ये खात्यांनी समान साच्यात माहिती ठेवावी यासाठी कृतिआराखडाही निघाला. म्हणजे पन्नास वर्षांहून अधिक काळ कायदा राबविणाऱ्या श्रीमंत देशालाही एका रकान्याचे नाव सर्व खात्यांत एकच असावे, यावर आता कोठे एकमत करावे लागत आहे.

पण याच देशाने आम्हाला अलीकडे एक वेगळी भीती दाखविली. नॉर्थ कॅरोलायनातील वॉरेन परगण्यात, जेथे कृष्णवर्णीयांची वस्ती अधिक, तेथे विषारी माती पुरण्याविरुद्ध १९८२ साली आंदोलन झाले, शेकडो अटका झाल्या. त्यातून पर्यावरणीय न्यायाची चळवळ वाढली. ११ फेब्रुवारी १९९४ रोजी राष्ट्राध्यक्ष क्लिंटन यांनी त्याविषयीचा आदेश काढला. २०१५ पासून केंद्रीय संस्थेचा एक नकाशा सर्वांना खुला झाला. त्यात कोणत्या वस्तीत प्रदूषण किती आणि राहणारे कोण, हे एकत्र दिसे. तो आदेश जानेवारी २०२५ मध्ये रद्द झाला आणि पुढच्याच महिन्यात तो नकाशा शासकीय संकेतस्थळावरून काढला गेला. बाहेरच्या संशोधकांनी व स्वयंसेवकांनी त्याची प्रत उतरवून ठेवली होती म्हणून ती उरली. ग्रंथालयातील पुस्तके जाळायला निदान धूर तरी होतो.

कोणी म्हणेल, संकेतस्थळ सर्वांना खुले आहे, जात विचारून कोणाला अडविले जात नाही, मग तक्रार कशाची? त्यांना मी महाडची आठवण देईन. मुंबई विधिमंडळात रावबहादूर बोले यांचा ठराव ४ ऑगस्ट १९२३ रोजी संमत झाला. महाड नगरपालिकेने ५ जानेवारी १९२४ रोजी तळे सर्वांस खुले केले. कागदोपत्री तळे खुलेच होते. तरी २० मार्च १९२७ पर्यंत त्या पाण्याला आपला हात लागला नव्हता. ठराव आणि पाणी यांच्यामध्ये तीन वर्षांहून अधिक अंतर होते, आणि ते अंतर बाबासाहेबांच्या नेतृत्वाखाली चालत जाऊन तोडावे लागले.

आता आपल्या संघटनेपुरते एक काम सुचवितो आणि आपली रजा घेतो. या सभागृहात संगणक व्यवसायातील माणसे किती आहेत हे मला मोजण्याची गरज नाही. मघाशी हात वर करावयास सांगितले तेव्हा खाली राहिलेले हात मोजणे सोपे होते. आपण वर्षातून महाराष्ट्रातील एकच अहवाल घ्यावा. शक्यतो असा, ज्याची जनसुनावणी व्हायची आहे. तीस दिवसांची मुदत असते. पहिल्या आठवड्यात त्यातील कोष्टके वाचनीय आकड्यांत उतरवावीत. दुसऱ्यात हवा, पाणी, जमीन आणि विस्थापन ही चार प्रकरणे सोप्या मराठीत लिहावीत. तिसऱ्यात प्रकल्पाची सीमा गट क्रमांकांशी जुळवून तो नकाशा आणि मराठी मजकूर गावातील कार्यकर्त्यांच्या हाती द्यावा, आणि गायरानावर कोण कसतो याची यादी गावाकडून मागवावी, कारण ती न्यू जर्सीतून करता येत नाही. शेवटचा आठवडा हरकती लिहिण्यासाठी गावाला मोकळा ठेवावा. मूळ अहवालाची प्रतही आपल्याकडे जतन करावी, ती संकेतस्थळावर कायम राहील असे धरून चालू नये.

मला यासाठी उत्तम मराठी लिहिणारे दोघे, नकाशाचे तंत्र जाणणारे एक आणि महसुली कागद वाचता येणारे एखादे निवृत्त गृहस्थ वा भगिनी हव्या आहेत. भोजनोत्तर मी दाराजवळच्या मेजापाशी वही घेऊन बसणार आहे.